निघण्याआधी गाडीवरचा बर्फ झाडायलाच हवा का? समोरची काच पुसली तरी धोका का टळत नाही?

हिवाळा आला की सोशल मीडियावर एका ठरावीक प्रकारचे व्हिडिओ हमखास फिरू लागतात. अमेरिका, कॅनडा किंवा युरोपातला एखादा महामार्ग असतो. पुढे एक गाडी धावत असते आणि तिच्या टपावर वीतभर जाडीचा पांढराशुभ्र बर्फ असतो. अचानक तो थर गादीसारखा उचलला जातो, हवेत उलटतो आणि मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर येऊन फुटतो. डॅशकॅमचे चित्र पांढरे होते. ते पुन्हा दिसू लागते तेव्हा काचेवर तड्यांचे जाळे पसरलेले असते. पुढची गाडी मात्र काहीच न घडल्यासारखी निघून गेलेली असते. तिच्या चालकाला मागे काय झाले, हे कळलेलेही नसते.

असा व्हिडिओ पाहिला की साधा प्रश्न पडतो. गाडी सुरू करण्याआधी तिच्यावरचा सगळा बर्फ झाडायलाच हवा का? समोरची काच पुसून, दिसण्यापुरती जागा करून निघाले तर काय बिघडते?

थोडक्यात उत्तर असे, की हो, सगळा बर्फ काढायला हवा. काचांवरचा, दिव्यांवरचा, बॉनेटवरचा आणि विशेषतः टपावरचा. काचेवरचा बर्फ चालकाच्या स्वतःच्या जिवावर बेततो आणि रस्ता ओलांडणाऱ्याच्याही. टपावरच्या बर्फाचा धोका मात्र बहुतेक वेळा मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला असतो. म्हणूनच तो काढण्याचा कंटाळा सर्वात जास्त केला जातो आणि म्हणूनच काही ठिकाणी त्यासाठी कायदा करावा लागला.

भुरभुरीत बर्फाची कडक लादी कशी होते?

मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्या पांढऱ्या हिमालाही बर्फ म्हणतो आणि सरबतात टाकायच्या खड्यालाही बर्फच म्हणतो. गाडीच्या बाबतीत मात्र या दोन्हींतला फरक महत्त्वाचा आहे. नुकताच पडलेला बर्फ कापसासारखा असतो, कारण त्याच्या कणांमध्ये भरपूर हवा अडकलेली असते. हाताने लोटला तरी तो निघतो. तोच बर्फ गाडीवर दोन-तीन दिवस राहिला की त्याचे रूप बदलते.

गाडी सुरू केल्यावर हीटर लागतो आणि आतली ऊब टपाच्या पत्र्यापर्यंत पोहोचते. बर्फाचा सर्वात खालचा थर किंचित वितळतो. चालक कामावर पोहोचतो, गाडी उभी राहते, पत्रा पुन्हा गार होतो आणि वितळलेले पाणी गोठते. दुपारी ऊन पडले तर वरचा थरही ओलसर होतो आणि रात्री तोही गोठतो. असे दोन-चार वेळा झाले की भुरभुरीत थराच्या तळाशी कडक, सलग लादी तयार होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही, वर मऊ बर्फच दिसतो. त्यामुळे ‘थोडासाच तर आहे, वाऱ्याने उडून जाईल’ असे वाटते. उडून जाईल हे खरे आहे, फक्त तो मऊ बर्फ म्हणून उडेल की लादी म्हणून, हे चालकाच्या हातात राहत नाही.

बर्फ पडल्यावर लगेच गाडी साफ करण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो. ताजा असताना पाच-दहा मिनिटांत निघणारे काम दोन दिवसांनी खरवडण्याचे काम होऊन बसते.

टपावर नेमके किती वजन असते?

एका मध्यम आकाराच्या गाडीचा टप साधारण २ चौरस मीटरचा धरू. त्यावर १५ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास वीतभर बर्फ साचला, तर त्याचे आकारमान होते ०.३ घनमीटर. ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास धरले तरी टपावर ३० किलो बर्फ आहे. बर्फ ओला आणि दबलेला असेल, तर घनमीटरला ३०० किलोपर्यंत वजन सहज जाते. म्हणजे तेवढ्याच थराचे ९० किलो होतात. एक मोठा माणूस टपावर झोपवून महामार्गावर निघावे, तसाच हा प्रकार.

कडक लादीचा हिशेब वेगळा आहे. घट्ट बर्फाचे वजन घनमीटरला सुमारे ९१७ किलो असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फक्त २ सेंटीमीटर जाड तुकडा घेतला, तरी तो १८ किलोंचा भरतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या भारतीय घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस भरलेला असतो. त्याहूनही हा तुकडा जड आहे.

लादी उडते तेव्हा काय होते?

शहरात ३०-४०च्या वेगाने जाताना टपावरचा बर्फ जागचा हलत नाही. त्यामुळे चालकाचा आत्मविश्वास वाढतो. पण हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरला न हललेली लादी ताशी १०० किलोमीटरला चौपट जोर सोसत असते. त्यात टपावरून वाहणारी हवा लादीला वर ओढते, पुढच्या कडेखाली वारा शिरतो आणि खालचा थर हीटरच्या उबेने सुटलेला असतो. मग लादी अख्खीच्या अख्खी उचलली जाते. ‘घरापासून इथपर्यंत काही झाले नाही’ हा अनुभव म्हणूनच महामार्गावर कामाला येत नाही.

गाडीपासून सुटलेली लादी हवेच्या अडथळ्याने लगेच मंदावते. मागची गाडी मात्र त्याच वेगात येत असते. दोघांच्या वेगातला फरक ताशी ५० किलोमीटर जरी धरला, तरी १८ किलोचा तुकडा काचेवर जो आघात करतो, तो तेवढेच वजन सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून टाकल्यासारखा असतो. फरक ताशी १०० किलोमीटर असेल तर हीच उंची जवळपास ४० मीटर होते.

गाडीची समोरची काच दोन थरांची असते आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. त्यामुळे बहुतेक वेळा काच फुटली तरी तिचे तुकडे अंगावर येत नाहीत. पण जड लादी ती भेदून आत येऊ शकते आणि अशी मृत्यूची प्रकरणे नोंदलेली आहेत.

काच फुटली नाही तरी धोका संपत नाही. मऊ बर्फाचा लोट मागच्या गाडीवर कोसळला तर त्या चालकाला एक-दोन सेकंद काहीच दिसत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर पुढे जाते. एवढे अंतर डोळ्यांवर पट्टी बांधून कापल्यासारखेच आहे. दचकून कोणी स्टिअरिंग फिरवते, कोणी जोरात ब्रेक मारते. निसरड्या रस्त्यावर या दोन्हींचा परिणाम बाजूच्या आणि मागच्या गाड्यांनाही भोगावा लागतो.

ब्रेक मारला की तोच बर्फ पुढे येतो

टपावरचा बर्फ फक्त मागेच जातो असे नाही. उबेमुळे त्याच्या खाली पाण्याचा पातळ थर तयार झाला, की तो तेल लावलेल्या पत्र्यावर ठेवल्यासारखा सरकता होतो. चौकात सिग्नल लाल झाला, चालकाने ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि टपावरचा बर्फ मात्र पुढे चालत राहिला, तर तो थेट समोरच्या काचेवर येतो. वायपर सुरू केला तरी २०-३० किलोंचा ढीग त्याला हलवता येत नाही. वायपरची पाती वाकतात किंवा मोटर जळते.

हे नेमके कधी होते? ज्या क्षणी समोर काहीतरी आले म्हणून ब्रेक मारावा लागला, त्याच क्षणी. म्हणजे समोरचे दिसणे सर्वात गरजेचे असते तेव्हाच काच झाकली जाते.

काचेला ‘भोक’ पाडून निघण्याची सवय

घाईच्या वेळी अनेक चालक समोरच्या काचेवर ताटलीएवढी जागा खरवडतात आणि निघतात. जर्मनीत या प्रकाराला ‘गुकलोख’ असा खास शब्दच आहे, त्याचा अर्थ डोकावून पाहण्याचे भोक. त्यातून समोरचा रस्ता दिसतो, पण डावी-उजवीकडचे काही दिसत नाही. फुटपाथवरून उतरणारे मूल, झेब्रा क्रॉसिंगवरची वृद्ध व्यक्ती, बाजूने येणारा सायकलस्वार हे सगळे त्या भोकाच्या बाहेर असतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. भोकाच्या चौकटीत माणूस दिसेपर्यंत तेवढे अंतर उरलेले नसते.

मागची काच आणि आरसे झाकलेले असतील तर लेन बदलणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. शिवाय बर्फाने भरलेल्या रस्त्यावर लेनच्या रेषा आधीच दिसत नसतात.

दिवे, नंबर प्लेट आणि सेन्सर

जुन्या हॅलोजन दिव्यांची काच चांगलीच तापायची, त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ थोडाफार वितळायचा. एलईडी दिव्यांच्या पुढच्या काचेला तेवढी उष्णता मिळत नाही. त्यामुळे नव्या गाड्यांच्या हेडलाइटवर बर्फ चिकटून राहतो आणि चालकाला त्याचा पत्ता नसतो. मागचे लाल दिवे झाकले गेले तर ब्रेक मारल्याचे मागच्याला कळत नाही.

आजकालच्या गाड्यांमध्ये समोरच्या काचेमागे कॅमेरा, बंपर किंवा जाळीमागे रडार आणि मागे पार्किंगचे सेन्सर असतात. आपोआप ब्रेक लावणारी, लेन सोडल्यास सावध करणारी यंत्रणा यांच्यावरच चालते. त्यांच्यावर बर्फ बसला की यंत्रणा बंद पडते, बहुतेक गाड्या डॅशबोर्डवर तशी सूचनाही देतात. म्हणजे ज्या हवामानात मदतनीस यंत्रणेची जास्त गरज आहे, त्याच हवामानात ती झोपी गेलेली असते.

सर्वात आधी पाहायचा तो सायलेन्सर

बर्फ काढायला सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर अनेकांना चकित करते. सुरुवात करायची सायलेन्सरच्या नळीपासून, तीही इंजिन सुरू करण्याआधी.

ही नळी बर्फाने बुजलेली असेल तर इंजिनाचा धूर बाहेर पडू शकत नाही. तो गाडीखाली साचतो आणि फटींमधून आत शिरतो. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. आत बसलेल्याला वाटते थंडीने किंवा थकव्याने झोप येते आहे.

जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठे हिमवादळ आले होते. न्यू जर्सीतील पसेइक शहरात एक आई आपल्या लहान मुलांना घेऊन ऊब मिळावी म्हणून सुरू गाडीत बसली होती. वडील बाहेर गाडीभोवतीचा बर्फ उपसत होते. सायलेन्सर बर्फाने बुजलेला होता. या घटनेत आई आणि मुलांचा जीव गेला.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी प्रचंड बर्फवृष्टीत पर्यटकांच्या गाड्या रस्त्यातच अडकल्या. त्यात किमान २२ जणांचा मृत्यू झाला. काही मृत्यू थंडीमुळे, तर काही बंद गाडीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. हीटरसाठी गाडी सुरू ठेवून काचा बंद करून बसणे किती घातक ठरू शकते, याचे हे आपल्या शेजारचे उदाहरण आहे.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत या विषयावर देशभर लागू असा एकच कायदा नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. काही राज्यांनी अपघातांनंतर स्वतंत्र कायदे केले.

न्यू हॅम्पशायर राज्यात १९९६ साली एका ट्रकवरून सुमारे ९ फूट लांबीची बर्फाची लादी उडाली. ती दुसऱ्या ट्रकवर आदळली, त्या ट्रकचा ताबा सुटला आणि तो एका २० वर्षांच्या तरुणीच्या गाडीवर जाऊन धडकला. त्यात तिचा मृत्यू झाला. पुढे राज्याने केलेला कायदा तिच्या नावाने ‘जेसिकाचा कायदा’ म्हणून ओळखला जातो. बर्फ न काढता निष्काळजीपणे गाडी चालवणाऱ्याला त्यानुसार पहिल्या वेळी २५० ते ५०० डॉलर दंड होऊ शकतो, पुढच्या वेळी १,००० डॉलरपर्यंत.

पेनसिल्व्हेनियात २००५ सालच्या नाताळच्या दिवशी एका ट्रकवरून सुटलेला बर्फ गाडीची काच फोडून आत आला आणि एका महिलेचा जीव गेला. तिच्या नावाचा कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. या कायद्यानुसार बर्फ पडायचा थांबल्यापासून २४ तासांच्या आत तो गाडीवरून काढण्याचा रास्त प्रयत्न करणे बंधनकारक आहे. नाही केला तर ५० डॉलर दंड. उडालेल्या बर्फाने कुणाचा मृत्यू झाला किंवा गंभीर दुखापत झाली तर दंड १,५०० डॉलरपर्यंत जातो.

मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत २०१० पासून नियम स्पष्ट आहे. बॉनेट, टप, काचा, डिकी अशा सर्व उघड्या भागांवरचा बर्फ निघण्याआधी काढण्याचा शक्य तेवढा प्रयत्न चालकाने केला पाहिजे. नुसता बर्फ ठेवून गाडी चालवल्यास २५ ते ७५ डॉलर दंड होतो, मग कुणाला इजा झालेली असो वा नसो. बर्फ उडून इजा किंवा नुकसान झाले तर खासगी गाडीला २०० ते १,००० आणि व्यावसायिक वाहनाला ५०० ते १,५०० डॉलर दंड आहे. प्रवासादरम्यान बर्फ पडत असेल तर त्यात सूट आहे. जवळच्या कनेटिकटमध्येही असा कायदा आहे. उडणाऱ्या लाद्यांना तिकडे ‘आइस मिसाइल’ म्हणतात, यावरूनच त्यांची दहशत कळावी.

ज्या राज्यांत स्वतंत्र कायदा नाही, तिथेही चालक मोकळा सुटतोच असे नाही. दृष्टी अडलेली असणे, निष्काळजीपणे गाडी चालवणे, वाहनावरची वस्तू रस्त्यावर पडू देणे अशा सर्वसाधारण कलमांखाली कारवाई होऊ शकते.

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’चा २२९वा नियम याच विषयावर आहे. सर्व काचांवरचा बर्फ काढणे, दिवे स्वच्छ ठेवणे आणि नंबर प्लेट वाचता येईल अशी ठेवणे ही तिथे कायदेशीर सक्ती आहे. रस्त्यावर पडू शकेल असा बर्फ गाडीवरून काढावा, हेही त्याच नियमात आहे, पण ती सक्ती नसून सूचना आहे. तरीही टपावरचा बर्फ पडून अपघात झाला, तर गाडी धोकादायक स्थितीत चालवल्याचा किंवा इतरांचा विचार न करता चालवल्याचा ठपका येऊ शकतो.

जर्मनीत चालकाची दृष्टी अडता कामा नये आणि नंबर प्लेट वाचता आली पाहिजे, ही जबाबदारी चालकाचीच मानली जाते. गुकलोखमधून डोकावत गाडी चालवणाऱ्याला पोलीस दंड करतात. इतकेच नव्हे, तर काचेवरचा बर्फ वितळावा म्हणून गाडी विनाकारण सुरू ठेवणेही तिथे नियमाविरुद्ध आहे.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये गाडीवरच्या बर्फाविषयी वेगळे कलम नाही. देशाचा फार मोठा भाग बर्फ पाहतच नाही, त्यामुळे हे साहजिक आहे. मात्र धोकादायक रीतीने वाहन चालवण्याबाबतचे कलम १८४ बर्फातही लागू असतेच.

ट्रकचा तिढा

टपावरचा बर्फ काढणे मोटारीच्या चालकाला सोपे आहे. ट्रकचालकाला नाही. अमेरिकेत सर्रास दिसणारा लांब ट्रेलर ५३ फुटांचा, म्हणजे १६ मीटरहून लांब असतो. त्याचा माथा जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंच आणि क्षेत्रफळ जवळपास ४२ चौरस मीटर. त्यावर फक्त २ सेंटीमीटर कडक बर्फ जमला तरी त्याचे वजन पाऊण टनाच्या वर जाते. शिवाय तो जमिनीवरून दिसत नाही.

चालकाने निसरड्या माथ्यावर चढून तो काढावा, तर पडून हाडे मोडण्याची भीती. न काढावा, तर मागच्यांचा जीव धोक्यात. त्यामुळे असे कायदे आले तेव्हा मालवाहतूकदारांनी विचारले, ‘काढायचा कसा, ते सांगा.’ प्रश्न रास्त होता. यावर उपाय म्हणून काही डेपोंमध्ये कमानीसारखी यंत्रे बसवली जातात. ट्रक खालून जातो आणि वरची पट्टी बर्फ लोटून देते. जर्मनीत महामार्गालगतच्या काही थांब्यांवर पायऱ्या आणि कठडे असलेले मचाण असते. चालक त्यावर उभा राहून लांब दांड्याने बर्फ खाली ढकलतो. जिथे अशी सोय नाही, तिथे ट्रकमागे भरपूर अंतर ठेवणे हाच सामान्य चालकाचा बचाव.

बर्फ कसा काढावा?

क्रम नीट ठेवला तर काम लवकर होते.

१. सायलेन्सरची नळी आणि तिच्याभोवतीची जागा मोकळी करावी.

२. वायपरचे बटण बंद असल्याची खात्री करावी. काचेला गोठून चिकटलेले वायपर गाडी सुरू होताच हलू लागले तर त्यांची मोटर बिघडते.

३. मग इंजिन सुरू करून गरम हवा समोरच्या काचेवर सोडावी आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावावा. एसी सुरू ठेवल्यास हवेतला दमटपणा कमी होऊन काचेवरची आतली वाफ लवकर जाते. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवू नये, दार उघडे असले तरीही.

४. टपापासून सुरुवात करून खाली यावे. आधी काचा पुसल्या आणि मग टप झाडला तर काचा पुन्हा भरतात. टपावरचा बर्फ लांब दांड्याच्या मऊ ब्रशने बाजूला लोटावा.

५. त्यानंतर सर्व काचा, आरसे आणि बॉनेट. बॉनेट व काचेच्या मधल्या खाचेतूनच हीटरला हवा मिळते, ती मोकळी हवी.

६. हेडलाइट, मागचे दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेट, कॅमेरे आणि सेन्सर पुसावेत.

७. गाडीत बसताना बूट एकमेकांवर आपटून झटकावेत. बुटांचा बर्फ पेडलवर वितळला की पाय घसरतो आणि काचांवर वाफही धरते.

आणि काय करू नये?

गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतणे ही सर्वात महागात पडणारी युक्ती. अचानक तापमान बदलल्याने काच तडकू शकते, आणि ओघळलेले पाणी खाली पुन्हा गोठते. धातूचे फावडे किंवा उलथणे वापरल्यास रंगावर आणि काचेवर कायमचे ओरखडे पडतात. काचेसाठी प्लास्टिकचा स्क्रेपर आणि अल्कोहोल असलेला डी-आयसर फवारा हेच योग्य.

‘टपावर वजन असले की गाडी रस्त्याला धरून राहते’ हा आणखी एक समज. उलट टपावरच्या वजनाने गाडीचा तोल वरच्या बाजूला जातो आणि वळणावर ती अधिक झुकते. रस्ता धरून ठेवण्याचे काम टायर करतात. म्हणूनच कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

हिमाचल-काश्मीरला स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी

मनाली, सोनमर्ग, गुलमर्ग येथे हिवाळ्यात जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या कमी नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी मनालीजवळचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलच्या बाजूलाही हिवाळ्यात गाड्या जाऊ लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फवृष्टीमुळे सुमारे हजार वाहने अडकून पडली होती.

मुंबई-पुण्याहून निघालेल्या गाडीच्या वॉशर टाकीत बहुधा साधे पाणी असते. ते तिकडे गोठते. थंडीत न गोठणारे वॉशर द्रव वाटेतल्या मोठ्या शहरात भरून घ्यावे. बर्फ झाडायचे खास ब्रश आपल्याकडे सहसा दुकानात दिसत नाहीत, पण मऊ केसांचा गाडी पुसायचा ब्रश आणि लादीवरचे पाणी ओढायचा रबरी वायपर यांनी ताजा बर्फ व्यवस्थित निघतो. काचेवरच्या पातळ थरासाठी प्लास्टिकचे जुने कार्ड चालते. हातमोजे मात्र हवेतच.

गाडी बर्फात अडकलीच, तर इंजिन सतत सुरू ठेवू नये. अधूनमधून थोडा वेळ सुरू करावे. प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सर मोकळा आहे का ते पाहावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच थोडी खाली ठेवावी.

पुढच्या गाडीवर बर्फ दिसला तर?

अंतर वाढवणे हा पहिला उपाय. चार मीटर उंच ट्रेलरवरून सुटलेला तुकडा खाली यायला सुमारे एक सेकंद घेतो. वाऱ्याने उचलला तर त्याहून जास्त. तेवढ्या वेळात महामार्गावरची गाडी २५-३० मीटर पुढे गेलेली असते. लादी आलीच, तर स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. सरळ रेषेत राहून वेग हळूहळू कमी करावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि सुरक्षित जागी थांबावे. ट्रकला घाईने ओव्हरटेक करण्याचा मोहही टाळावा, कारण लादी बाजूलाही घसरू शकते.

दहा मिनिटे कोणासाठी?

गाडीतली बहुतेक काळजी आपण स्वतःसाठी घेतो. सीटबेल्ट आपल्यासाठी, एअरबॅग आपल्यासाठी, समोरची काच पुसणेही आपल्याला दिसावे म्हणून. टपावरचा बर्फ झाडणे हे त्यातले वेगळे काम आहे. न झाडणाऱ्याचे बहुधा काहीच बिघडत नाही, तो वेळेवर ऑफिसला पोहोचतो. किंमत मोजतो तो मागून येणारा, ज्याने आपली गाडी कदाचित नीट झाडलेली असते. पेनसिल्व्हेनियात एका अपघातापासून कायद्यापर्यंत जायला सोळा वर्षांहून अधिक काळ लागला. टपावरचा बर्फ झाडायला दहा मिनिटे पुरतात.